झाडं सगळ्यांत शेवटी: बाग आखण्याची रीत

मोकळी जागा हाती आली की पहिली फेरी नर्सरीकडे होते. फुललेली रोपं दिसतात, गाडी भरते आणि संध्याकाळी प्रश्न पडतो, की ही लावायची कुठे? मग एक कुंपणालगत, एक दाराजवळ, एक नुसताच कोपरा रिकामा दिसतो म्हणून तिथे. दोन वर्षांनी झाडं छान वाढलेली असतात, पण बाग काही झालेली नसते. मी स्वतः अशी एक बाग केली आणि पुढे तिच्यातली निम्मी झाडं काढली, म्हणून जरा ठासून सांगतो: आधी पाणी, मग पाय, मग डोळे आणि त्यानंतर झाडं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. कंटाळा आला तरी मधली पायरी गाळू नका.

आधी काहीच करू नका

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) नावाचा उद्यानरचनाकार होऊन गेला. जमीनदाराची जागा घोड्यावरून फिरून बघायची आणि 'या जागेत पुष्कळ केपेबिलिटी आहे', म्हणजे सुधारायला वाव आहे, असं सांगायचं, ही त्याची सवय. त्यावरून त्याचं नावच 'केपेबिलिटी ब्राउन' पडलं. गिऱ्हाइकाला खूश करायची ही युक्तीही असेल, पण त्यात एक शहाणपण होतं. जागेत आधीपासून काय आहे ते ओळखायचं आणि तेच उठावदार करायचं.

तेव्हा पहिलं काम बघत बसण्याचं. एकाच ठिकाणी उभं राहून सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता जागेचे फोटो काढा. ऊन कुठे पोचतं, कुठे पोचत नाही हे त्यातून कळतं. हेच उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळं करा, कारण हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो आणि सावल्या लांबतात. उत्तर गोलार्धात घराच्या उत्तरेची जी पट्टी उन्हाळ्यात उजळलेली दिसते, ती थंडीत दिवसभर सावलीत जाऊ शकते. उन्हाळ्यात बघून तिथे फुलझाडांचा वाफा आखला, तर हिवाळ्यात तो रुसून बसणार.

पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर जा. हे काम घरात बसून होत नाही. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर जातं, याच्या खुणा काठ्या रोवून करा. वारा कोणत्या बाजूने झोंबतो ते बघा. बाहेरचं काय दिसलेलं चांगलं आणि काय झाकलेलं बरं, तेही टिपून ठेवा. जुनी मोठी झाडं असतील तर ती तुमची सगळ्यांत मोठी ठेव आहे. तीस वर्षांचं झाड तोडायला तासभर लागतो.

खरं तर पूर्ण एक वर्ष थांबावं. तेवढा धीर नसेल तर निदान एक पावसाळा आणि एक कडक उन्हाळा तरी जाऊ द्या.

नकाशा

सुंदर चित्राची गरज नाही, खऱ्या मापांची आहे. घराची एक सरळ भिंत पायारेषा धरा. तिची दोन टोकं म्हणजे तुमचे दोन ठरलेले बिंदू. जागेतली प्रत्येक गोष्ट, झाड, नळ, विजेचा खांब, कुंपणाचा कोपरा, या दोन्ही बिंदूंपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजा. कागदावर कंपासने दोन कंस मारले की ते जिथे छेदतात तिथे ती वस्तू. मध्यम जागेसाठी १ सेंटिमीटरला १ मीटर हे प्रमाण पुरतं. लहान अंगणासाठी त्याच्या दुप्पट घ्या. उत्तर दिशा आठवणीने दाखवा.

जमिनीवर काटकोन काढायला दोरीचा ३–४–५ चा त्रिकोण पुरतो: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर, तिरकं अंतर बरोबर ५ भरलं की कोन काटकोन. चढउतार मोजायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते, त्यामुळे दोन ठिकाणच्या जमिनीत किती फरक आहे तो टेपने मोजता येतो. फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळी मापं चुकतात आणि ते लक्षात यायला पाऊस पडावा लागतो.

हा मूळ नकाशा एकदाच काढा आणि त्याच्यावर काही लिहू नका. कल्पना लढवायच्या त्या वर ट्रेसिंग पेपर ठेवून. पाच-सहा कागद वाया गेले नाहीत तर विचार झाला नाही असं समजा.

पाणी

बाग मरते ती बहुधा पाणी कमी पडून नव्हे, तर पाणी मुळाशी तुंबून. म्हणून खणायला सुरुवात करायच्या आधी निचऱ्याची परीक्षा घ्या. साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. पहिल्या भरण्यावर विश्वास ठेवू नका, कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते. दुसऱ्या वेळी तासाला अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरलं तर निचरा चांगला. अडीचपेक्षा कमी असेल तर उंच वाफे करा किंवा ओल सोसणारी झाडं निवडा. साडेसातपेक्षा फार जास्त असेल तर ती माती पाणी धरणार नाही, तिला सेंद्रिय खत भरपूर लागेल. असे खड्डे दोन-तीन ठिकाणी घ्या. एकाच आवारात दोन टोकांना दोन तऱ्हेच्या माती निघतात, विशेषतः बांधकामाचा राडारोडा एका बाजूला पसरलेला असेल तर.

माती कोणती ते बघायला काचेची बरणी पुरते. निम्मी माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्त लागतो. तीन थरांच्या जाडीवरून मातीचा पोत डोळ्यांना दिसतो. सामू (मातीचा आम्ल-अल्कपणा, म्हणजे pH) ६ ते ७ च्या दरम्यान असला तर बहुतेक झाडांना मानवतो. तो फार वेगळा आला तर माती बदलायच्या भानगडीत न पडता त्या मातीला चालणारी झाडं शोधा. सगळी जमीन बदलणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

आता उतार. घरालगतची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती हवी. ५० ला १ हा उतार पुरेसा आहे, म्हणजे ५ मीटरला १० सेंटिमीटर. डोळ्यांना तो जवळपास सपाटच दिसतो, पाण्याला मात्र बरोबर कळतो. याउलट ३ ला १ पेक्षा तीव्र चढावर हिरवळ करू नका. तिथे गवत कापणं धोक्याचं होतं. अशा ठिकाणी टप्पे पाडा किंवा मुळांनी माती धरून ठेवणारी बुटकी झुडपं लावा.

वाहून येणाऱ्या पाण्याचा हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा छप्पर १०० चौरस मीटरचं आहे आणि एका झडीत ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३,००० लिटर पाणी पन्हळीतून तुमच्या बागेत उतरलं. ते सगळं एका उथळ खळग्यात घ्यायचं ठरवलं आणि खळगा १५ सेंटिमीटर खोल ठेवला, तर त्याला २० चौरस मीटर जागा लागेल. पडता पडता काही पाणी जिरतंच, त्यामुळे थोडी कमी जागाही चालते. असा खळगा घराच्या पायापासून निदान ३ मीटर लांब ठेवा, तिथपर्यंत पाणी नेणारी चर उथळ आणि रुंद काढा आणि खळगा भरल्यावर जादा पाणी कुठून बाहेर पडेल ते आधीच ठरवा. ही बाहेर पडायची वाट विसरली की पाणी स्वतः वाट काढतं, तीही नेमकी नव्या फरशीखालून.

मातीकामाआधी वरचा १५-२० सेंटिमीटर काळसर थर वेगळा काढून एका कडेला ठेवा. जीव त्या थरात असतो. खालची माती खणून त्याच्यावर टाकली तर पुढची पाच वर्षं खत घालूनही ती जमीन सुधारत नाही. यंत्र लावणार असाल तर स्वतः उभं राहून हे करून घ्या, कारण यंत्रवाल्याला दोन्ही माती सारख्याच. आणि जुन्या झाडांच्या बुंध्याशी भर घालू नका, त्यांच्या पसाऱ्याखालून चर नेऊ नका. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. वर माती पडली की त्यांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं, आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही.

पाय

वाट आखायच्या आधी माणसं कुठून चालतात ते बघा. फाटकातून दारापर्यंत, दारातून नळापर्यंत, नळापासून कचऱ्याच्या खड्ड्यापर्यंत. गवतावर आपोआप पडलेली पायवाट हा तुमचा सगळ्यांत प्रामाणिक सल्लागार. रोजच्या कामाची वाट जवळची हवी, तिला उगाच नागमोडी करू नका. पाहुणा नागमोडी चालेल, घरचा माणूस दुसऱ्या दिवशीपासून वाफ्यातून आडवा जाईल. नुसतं फिरायची वाट मात्र वळू द्या. त्यातही वळणाला निमित्त हवं: झाड, दगड, उंचवटा, काहीतरी. मोकळ्या मैदानात साप गेल्यासारखी वाट बघून हसू येतं.

दोन माणसांनी बोलत चालायचं असेल तर रुंदी १.२ ते १.५ मीटर घ्या. एकट्याच्या वाटेला ६० ते ९० सेंटिमीटर चालतात, पण तिथून ढकलगाडी जायची असेल तर ९० च्या खाली येऊ नका. कडेची झुडपं वाढून वाटेवर झुकतात, हेही जमेस धरा. वाट हिरवळीत वेगवेगळ्या फरश्या टाकून करणार असाल, तर एका फरशीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण ६० सेंटिमीटर. आपल्या पावलावर नव्हे, घरातल्या सर्वांत बुटक्या मोठ्या माणसाच्या पावलावर हे माप तपासा.

पायऱ्यांसाठी सतराव्या शतकातले फ्रेंच वास्तुविद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांचं सूत्र आजही कामाला येतं: उंचीची दुप्पट अधिक रुंदी, ही बेरीज ठरलेली हवी. आज ती ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. बागेत चाल संथ असते, म्हणून पायरी घरातल्यापेक्षा बुटकी आणि ऐसपैस बरी. १४ सेंटिमीटर उंच आणि ३६ रुंद घेतली तर बेरीज ६४ येते. एकाच जिन्यात सगळ्या पायऱ्या एकसारख्या हव्यात. एखादी सेंटिमीटरभर जरी वेगळी झाली तरी तिथे ठेच लागतेच. चाकांच्या खुर्चीसाठी उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नको, २० ला १ असेल तर ढकलणाऱ्यालाही सुख.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा १८५८ चा आराखडा ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने केला. शहराची आडवी वाहतूक त्यांनी बागेच्या पातळीखाली खोदलेल्या चार रस्त्यांतून नेली, त्यामुळे फिरणाऱ्याला ती बोचत नाही. घरच्या बागेत रस्ते खोदायला नकोत, पण तत्त्व तेच: खताचा खड्डा, अवजारांची खोली, पाण्याची टाकी यांच्याकडे जाणारी वाट वेगळी आणि आडोशाची असू द्या. ही वाट नकाशावर दाखवायला बहुतेक जण विसरतात. मग खताची पोती बसायच्या जागेवरून ओढत न्यावी लागतात.

आखणी जमिनीवर करून बघा. सरळ रेषेला दोरी, वळणाला पाण्याचा रबरी पाइप, आणि मनासारखं झालं की फक्की मारा. आठवडाभर त्या रेषांवरून चाला. रात्रीही चाला. वरच्या मजल्याची खिडकी असेल तर तिथून बघा. फक्की पुसता येते, फरशी नाही.

फरशीखालचा थर हा वरच्या फरशीपेक्षा महत्त्वाचा. मऊ माती काढून टाकायची, १० सेंटिमीटर बारीक-जाड मिसळलेली खडी पाणी मारून ठोकून बसवायची, वर २.५ ते ३ सेंटिमीटर वाळू, मग फरशी. कडेला पक्की धार हवी, नाहीतर वाळू सटकते आणि फरश्या डुलायला लागतात. आणि एक गोष्ट, जी मी पहिल्या वेळी केली नाही: प्रत्येक वाटेखालून दोन रिकामे प्लॅस्टिकचे पाइप आडवे टाकून ठेवा. पुढे ठिबकची नळी किंवा दिव्याची तार न्यायची वेळ येते तेव्हा चांगली बसलेली वाट फोडावी लागत नाही.

डोळे

ब्राउननंतर नाव झालं ते हम्फ्री रेप्टनचं (१७५२–१८१८). तो गिऱ्हाइकाला लाल चामड्याच्या बांधणीतली वही द्यायचा. तिच्यात जागेचं आजचं चित्र असे आणि त्याच्यावर एक उघडता येणारी झडप. झडप उचलली की खाली बदललेली जागा दिसे. हीच युक्ती आपण फुकटात करू शकतो. खिडकीतून, दारातून आणि बसायच्या जागेवरून जागेचे फोटो काढा, मोठे छापा, वर ट्रेसिंग पेपर चिकटवा आणि झाडं, भिंत, मांडव रेखाटा. नकाशा पक्ष्याला दिसतो, फोटो माणसाला. नकाशात झकास दिसणारी कितीतरी गोल वर्तुळं डोळ्यांच्या उंचीवरून दिसतच नाहीत, हे इथे कळतं.

सगळी बाग एका नजरेत दिसली तर पुढे जायला कारण उरत नाही. क्योटोच्या र्‍योआनजी मंदिरातल्या खडीच्या बागेत १५ दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसलात तरी त्यांतला एखादा तरी दडलेलाच राहतो. सपाट आयत, पांढरी खडी, दगड, बस्स. तरी माणसं तासन् तास बसतात. आपल्या बागेत हे साधायला वाटेच्या वळणावर माणसाच्या उंचीएवढं झुडूप पुरतं. पलीकडे काहीतरी असावं मात्र: बाक, पाण्याचं भांडं, एखादं देखणं खोड. वळून गेल्यावर कुंपणाची भिंत लागली तर फसवल्यासारखं वाटतं.

जपानी बागांत शाक्केई म्हणतात ती, म्हणजे उसनं दृश्य घेण्याची रीतही ध्यानात ठेवा. लांबचा डोंगर किंवा शेजारचं जुनं झाड आपल्या बागेचा भाग वाटेल असं करायचं. त्यासाठी मधलं कुंपण डोळ्यांआड गेलं पाहिजे, म्हणून त्याच्यापुढे झुडपं लावायची आणि दोन बाजूंना उंच झाडं उभी करून त्या दृश्याला चौकट द्यायची. इंग्लंडमधल्या मोठ्या बागांत याच हेतूने हा-हा नावाचा खंदक खणत: एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. गुरं आत येत नाहीत, आणि घरातून बघणाऱ्याला हिरवळ थेट रानापर्यंत अखंड दिसते.

लहान जागेत वाट पुढे जाताना थोडी निमुळती केली आणि लांबच्या टोकाला बारीक पानांची, फिकट रंगाची झाडं लावली, तर जागा लांबट वाटते. फ्रेंच उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्रने सतराव्या शतकात व्हो-ल-व्हिकोंत महालाच्या बागेत अंतराचे असे खेळ प्रचंड मापावर केले. तिथला आडवा कालवा तर महालातून दिसतच नाही, चालत जवळ गेल्यावर एकदम समोर येतो. बसायच्या जागेला आडोसा हवा. भोवतालची झुडपं किंवा भिंत त्या जागेच्या रुंदीच्या निदान एक तृतीयांश उंच असली तर कुशीत बसल्यासारखं वाटतं. चार खुर्च्या आणि टेबलाला ३ मीटर बाय ३ मीटर जागा लागते, खुर्ची मागे सरकवायला धरून.

आणि आता झाडं

एव्हाना नकाशावर झाडांच्या जागा जवळजवळ ठरलेल्या दिसतील. इथे सावली हवी, इथे आडोसा, तिथे चौकट, खळग्यात ओल सोसणारं काहीतरी. नर्सरीत जाताना नावांची नाही, अशा कामांची यादी न्या: 'तीन मीटर उंच, बाराही महिने पानं असलेलं, अर्धी सावली चालणारं.' नर्सरीवाला जाणता असेल तर त्याला हीच भाषा आवडते.

प्रत्येक झाडाचा पूर्ण वाढीचा घेर, म्हणजे पसाऱ्याची रुंदी, विचारा आणि नकाशावर तेवढंच वर्तुळ काढा. दोन झाडांतलं अंतर म्हणजे दोघांच्या घेरांच्या बेरजेचं निम्मं. ४ मीटर घेराचं आणि २ मीटर घेराचं झाड शेजारी असेल तर मधे ३ मीटर. लावल्यावर ही जागा ओकीबोकी दिसते आणि शेजारीपाजारी विचारतात, 'एवढंच?' दुर्लक्ष करा.

झाडांचे थर असतात: उंच वृक्ष, मधली झुडपं, जमीन झाकणारी रोपं. आधी वृक्ष ठरवा, मग झुडपं, मग खालचं. जाती कमी आणि संख्या जास्त ठेवा. ब्राझीलचे उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स (१९०९–१९९४) मुळात चित्रकार. एकाच जातीच्या रोपांचे मोठाले पट्टे ते रंगाच्या फटकाऱ्यासारखे वापरत. वीस जातींची एकेक रोपं लावली तर नमुन्यांचं कपाट होतं. रंगांबद्दल फार सांगत नाही, कारण फूल काही आठवडे आणि पान वर्षभर दिसतं. इंग्लंडच्या उद्यानरचनाकार गर्ट्रूड जीकल यांची (१८४३–१९३२) एक युक्ती तेवढी सांगतो: लांब वाफ्याच्या दोन्ही टोकांना निळे, पांढरे, राखी रंग आणि मध्याकडे जाताना पिवळा, नारिंगी, लाल. डोळा आपसूक मध्याकडे सरकतो आणि पुन्हा शांत होतो. जास्त पाण्याची आणि कमी पाण्याची झाडं मात्र कधीच एका वाफ्यात घालू नका, रंग कितीही जुळत असले तरी.

लावताना खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच. खोल खड्ड्यात झाड नंतर खचतं. पिशवीत गोल फिरलेली मुळं मोकळी करा, फार घट्ट असतील तर कापा. बुंधा जिथे रुंदावून मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीला दिसला पाहिजे. खणलेलीच माती परत भरा, आळं करा, भरपूर पाणी द्या. वर ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून वीतभर अंतर सोडून. आधाराची काठी खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागाला सैल बांधा आणि वर्षाने काढून टाका. वाऱ्यात हलल्याशिवाय खोड जाड होत नाही.

कामाचा क्रम

१. नको ते काढणं, हवी ती झाडं कुंपण घालून राखणं.
२. वरची माती बाजूला, मग उतार, चरी, खळगे.
३. पाण्याचे नळ, तारांचे पाइप.
४. भिंती, पायऱ्या, वाटा.
५. वरची माती परत, खत मिसळून.
६. वृक्ष, झुडपं, जमिनीलगतची रोपं, आच्छादन.
७. हिरवळ, सगळ्यांत शेवटी. आधी केली तर घमेली आणि पायांखाली तिचा चिखल होतो.

पैसे कमी असतील तर १ ते ४ आधी पुरं करा आणि झाडं लहान घ्या. छोटं रोप मुळं लवकर धरतं आणि पुष्कळदा मोठ्या, महागड्या झाडाला काही वर्षांत गाठतं.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वर्षी पाणी आणि खुरपणी, बाकी काही नाही. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी पण खोलवर द्या, म्हणजे मुळं खाली उतरतात. बोट घालून दोन पेरं खाली माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी नको. दुसऱ्या वर्षी जे रोप रडतंय त्याची जागा बदला. तिसऱ्या वर्षी मोकळ्या जागा भरत येतात.

त्या ओक्याबोक्या जागांमध्ये सुरुवातीला भराभर वाढणारी तात्पुरती झुडपं लावायला हरकत नाही, मीही लावतो. फक्त लावायच्या दिवशीच नकाशावर त्यांच्यावर लाल फुली मारा आणि काढायचं वर्ष लिहून ठेवा. तीन वर्षांनी ती फुललेली असतात, आणि फुली नसेल तर कुऱ्हाड उचलायला हात धजत नाही.